मीच घेतली असेन

जिन्याखालच्या त्या लांबट दुकानात शाळांचे गणवेश शिवले जात आणि तिथल्या सगळ्यांना दुकान चालवणाऱ्या मावशीच्या रागाची सवय झाली होती. दोरा तुटला तरी मावशी चिडायची, लाइट गेली तरी चिडायची. सकाळी देवापुढे हात जोडून ती पुटपुटायची तेही भांडल्यासारखंच वाटायचं. तिनं ऐन उमेदीची वीस वर्षं लोकांच्या शर्टांना हातानं काजं करण्यात घालवली होती. बटण जायची ती इवलीशी फट, पण तिच्या कडा दाट, एकसारख्या भरल्या नाहीत तर चार धुण्यांत उसवते. माणूसही मावशी त्याच नजरेनं बघायची. वरून इस्त्री कशीही असो, हिला कड बघायची असायची.

गेल्या महिन्यापासून तिच्या रागाला धार चढली होती, कारण भाची तुरुंगातून सुटून आली होती.

भाची म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीचं मूल. जन्माला मुलगा म्हणून आली, पण कळायला लागल्यापासून मुलगीच होती. तिचे केस धरून रस्त्यावर फरफटवणाऱ्या माणसाचा तिनं हात मोडला, त्याची साडेतीन वर्षं भोगली, आणि तीही पुरुषांच्या बराकीत, कारण कागदावर नाव मुलाचं होतं. तेव्हा थोरली म्हणाली होती, "माझं पोर मेलं असं समज."

"तू समज. मला भेटीची गाडी पकडायचीय," मावशी म्हणाली होती आणि निघाली होती. त्यानंतर दर महिन्याला निघत राहिली.

शिक्षेचे शेवटचे सहा महिने बाहेर काढायची मुभा मिळाली होती, पण अट होती. कुठंतरी नीट काम हवं आणि देखरेखीच्या साहेबांनी ते डोळ्यांनी बघून तसं लिहायला हवं. त्यांनी वाईट शेरा मारला की भाची परत आत, त्याच बराकीत. साहेब बुधवारी अकराला येणार होते.

आणि बुधवारी सकाळी कापणीची मोठी कात्री सापडेना.

टेबल, खण, चिंध्यांचं पोतं, सगळं उपसून झालं. कॉलरी लावणारी बाई दुकानात वीस वर्षांपासूनची, जिभेला हाड नसलेली. ती भाचीकडे न बघता म्हणाली, "इतक्या वर्षांत कधी सुई गेली नाही हो इथून."

"तुझी अक्कल गेली तेवढी," मावशी म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलंय का?"

कोपऱ्यात भाची उठून उभी राहिली होती. हात सरळ, नजर जमिनीवर. "मीच घेतली असेन," ती म्हणाली.

"असेन म्हणजे?" मावशीनं विचारलं.

"आठवत नाही. पण लिहून देते. कुठं सही करू?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाचीचा राग आला, कॉलरवालीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तासाभरापूर्वी, शोधाशोध चालू असताना, भाची पाणी भरायला गेली तेव्हा मावशीनं तिची पिशवी उघडून बघितली होती. आत एक कंगवा होता, सुटकेचा आठ घड्यांचा कागद होता, आणि एक जुनं फडकं. फडक्यावर रांगेनं काजं केलेली, चाळीस तरी असतील. पहिली वेडीवाकडी, शेवटचं जवळजवळ मावशीच्या हातचं. कात्री नव्हती. मावशीनं पिशवी होती तशी ठेवली आणि चिंध्यांचं पोतं पुन्हा उपसायला घेतलं.

साहेब वेळेवर आले. खुर्ची पुसून बसले, फॉर्म काढला आणि भाचीला तिच्या जुन्या नावानं हाक मारली.

"ते नाव इथं कुणाचं नाही," मावशी म्हणाली.

"कागदावर आहे ना, बाई."

"मग कागदाला हाक मारा. बघू ओ देतो का."

साहेबांच्या कपाळावर आठी आली. "हा काम काय करतो?"

"ती काजं करते. बटणं लावते. कापणी शिकतेय."

"काही तक्रार?"

मावशी "नाही" म्हणणार तोच कॉलरवाली बोलून गेली, "कात्री तेवढी सापडत नाहीये सकाळपासून." बोलली आणि तिचं तिलाच ते खुपलं असावं, कारण लगेच मान खाली घालून ती मशीन चालवायला लागली, सुईत दोरा नसताना.

साहेबांनी भाचीकडे बघितलं. "तू घेतलीस?"

"हो साहेब," भाची म्हणाली.

पेन चाललं. *चोरीची कबुली.* उलट्या बाजूनंही मावशीला अक्षरं लख्ख वाचता आली. देवा, ती मनात म्हणाली, मला शांत ठेव असं आज मी मागणार नाही, तू पण ठेवू नकोस.

तेवढ्यात दारात इमारतीचा नवा रखवालदार उभा राहिला. खाकी कपडे, गळ्यात शिट्टी, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "मावशी, तुमची कात्री. धार लावून आली."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, तसा तो गडबडला. "काल संध्याकाळी गेटवरच्या गाड्या हटवायला मी शिट्टी मारली, तर तुमची पोरगी आली, कात्री हातात दिली, आणि एक शब्द न बोलता परत गेली. गेटपाशी धारवाला बसतो, मला वाटलं त्याच्यासाठीच दिली."

भाची कात्रीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. "आत शिट्टी झाली की हत्यार जमा करायचं," ती म्हणाली. "खाकीच्या हातात द्यायचं. मग मोजणी. मला कळलंच नाही मी उठले ते."

"मग कबूल कशाला केलंस?" साहेबांनी विचारलं. खरोखरच कळत नसल्यासारखं.

"आत एक वस्तू हरवली की सगळ्या बराकीची भेट बंद. कुणी एकानं 'मी घेतली' म्हटलं की फक्त त्याची बंद, बाकीच्यांची चालू. त्यांना बायका-पोरं होती भेटायला येणारी. मी तीनदा म्हटलं."

तीनदा. मावशीनं तीन वेळा चार तासांचा प्रवास केला होता आणि तीन वेळा खिडकीतून उत्तर मिळालं होतं, भेट नाही, वर्तणूक खराब. परतीच्या गाडीत तिनं याच पोरीला शिव्या घातल्या होत्या. अंगात एवढी मस्ती, मावशी येते याची किंमत नाही.

तिनं कात्री घेतली आणि टेबलावर ठेवली. आवाज बारीकच झाला, पण साहेबांनी पाय मागे घेतले.

"ती ओळ खोडा," मावशी म्हणाली.

"खाडाखोड चालत नाही, बाई."

"मग नवा कागद घ्या."

"फॉर्म एकच आणलाय. बाकीचे ऑफिसात. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यापर्यंत हिला कुठं ठेवाल? खोटी ओळ लिहायला पेन होतं तुमच्याकडे, खरी लिहायला कागद नाही? चला ऑफिसात. मी शटर ओढते."

"मावशी, आज दोनशे कॉलरी द्यायच्यात," कॉलरवाली पुटपुटली.

"तू पण ऊठ. जे इथं पचकलीस ते तिथं निस्तर. आणि तुम्हीपण हो," तिनं रखवालदाराला सांगितलं, "ती शिट्टी काढून या."

शटर खाली आलं. साहेब पुढं, घाम पुसत. कॉलरवाली आणि रखवालदार त्यांच्या मागं. भाची नेहमीसारखी सगळ्यांच्या शेवटी राहिली, तेव्हा मावशी थांबली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागली. कोपऱ्यावर आल्यावर समोर बघतच म्हणाली, "सकाळी मी तुझी पिशवी उघडली."

"माहितेय."

"कसं?"

"कागदाची घडी उलटी पडली होती." भाचीनं तिच्याकडे बघितलं. "काजं बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

मावशीचा आवाज अजून रागातच होता. "शेवटचं ठीक आहे. बाकीची उसव आणि परत कर."