ओवीच्या लांब नूडल्ससाठी धुळ्याची वारी

फोन ठेवला तसं मी ठरवलं, उद्या धुळ्याला जायचं.

फोन पुण्याहून माझ्या लेकाचा, संदीपचा. त्याची पाच वर्षांची ओवी पहिल्यांदाच आईबापाला सोडून आठ दिवस माझ्याकडे राहायला आलेली. दोन दिवस झाले, पोरगी धड जेवत नव्हती. वरणबट्टी केली, नको. मांडे केले, नको. भरताकडे तिने पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते वांगं. संदीप म्हणाला, "आई, उद्याही जेवली नाही तर परवा येऊन घेऊन जातो." म्हणजे माझ्या आठ दिवसांचे चारच होणार.

मी ओवीला विचारलं, "मग काय खाशील वं माय?"

"नूडल्स. हॉटेलातल्या. लांबवाल्या."

शेजारची कॉलेजात जाणारी पोर म्हणाली, धुळ्यात देवपूरला नुसत्या नूडल्सचंच हॉटेल आहे. झालं. सकाळी मी नवं लुगडं नेसले. माझी चौथीपर्यंतची शाळा, पण एसटीची पाटी मला लांबून वाचता येते.

अमळनेरहून धुळ्याला सकाळी गाड्या बऱ्याच. तास-सव्वा तास लागतो, बायांना अर्धं तिकीट. उजवीकडे बसा, सकाळचं ऊन डावीकडून येतं. मी डावीकडे बसले, म्हणून सांगते. कंडक्टर आमच्याकडचाच निघाला.

"अक्का, कोठे?"

"धुयाले. नातीले नूडल खावाले लई जास."

"एवढ्या लांब? घरी शेवया नही का?"

"शेतस ना. तिले हॉटेलन्या पाहिजे."

तो हसत पुढे गेला. ओवीने विचारलं, तू कुठली भाषा बोललीस. म्हटलं, घरची, अहिराणी. घरी शेवया आहेत, पण तुला हॉटेलातल्या हव्यात, असं सांगितलं त्याला.

स्टँडवरून रिक्षा, पांझरा नदीच्या पुलावरून देवपूर. माणशी वीस रुपये घेतले. हॉटेल अकराला उघडतं, आम्ही साडेदहालाच दारात. उघडल्यावर पहिल्या आम्हीच. आत गारवा, भिंती लाल, खुर्च्या एवढ्या उंच की मला चढायला ओवीने हात दिला. काचेमागे आचारी कढई हवेत उडवत होता आणि आतलं एकही गाजर खाली पडत नव्हतं. असा हात मी फक्त माझ्या सासूबाईंचा पाहिला, तोही ज्वारी पाखडताना.

प्लेट आली. एकशे तीस रुपयांत दोघींना पुरेल एवढी, वर वाफ. पाहिलं तर काय, शेवयाच. फक्त दुधाऐवजी कोबी.

आता आमच्याकडे लहान पोराला ताट दिलं की भाकरी वरणात चुरून देतात. चुरून दिलं नाही तर आजी कसली. माझा हात आपोआप गेला. ओवी काचेतून आचाऱ्याकडे पाहत होती, तोवर मी अख्खी प्लेट बोटांनी बारीक कुस्करून तिच्यापुढे सरकवली.

तिने प्लेट पाहिली.

"आजी, तू सगळ्या मारल्यास. मला पप्पांकडे जायचंय."

पन्नास मैलांवर ऐकू जाईल असं रडली. हॉटेलातली वाढणारी मुलगी धावत आली, म्हणाली, "आजी, त्या चुरायच्या नसतात."

"आता कळलं गं. अजून एक आण. तिला हात लावणार नाही मी."

चुरलेली मी चमच्याने खाल्ली. चांगली लागते, नुसतं मीठ जरा जास्त. दुसरी आली तेव्हा मी हात मांडीखाली दाबून बसले. ओवी एकेक नूडल तोंडाने ओढायला लागली.

मी म्हटलं, "आमच्या हातच्या शेवया याहून लांब असतात."

"खोटं."

"यातली सगळ्यात लांब काढून दाखव मग."

तिने शोधलेली खुर्चीवर उभं राहूनही संपेना. मग मी एक उचलली, उभी राहिले, तर ती सटकली आणि चटदिशी माझ्या नाकावरून चष्म्यावर. काळा रस्सा गालावर. ओवी अशी हसली की तिला उचकी लागली. पलीकडच्या टेबलावरचे कोणी नाना म्हणाले, "अक्का, कुंकू वर राहतं, तुम्ही खाली लावलं." आम्ही दोघीही हसलो. प्लेट चाटूनपुसून साफ.

परतीच्या गाडीत झोपेतच तिने विचारलं, "तुझ्या खरंच लांब असतात?"

दुसऱ्या दिवशी मी रव्याचं पीठ भिजवलं, मुरू दिलं. ताणायचं, दुमडायचं, पुन्हा ताणायचं. एक टोक ओवीच्या हातात दिलं आणि मी मागे मागे सरकत खाटेपर्यंत गेले. तुटली नाही. तेवढ्यात संदीपचा फोन आला. ओवीने हनुवटीनेच फोन दाबला.

"पप्पा, आत्ता येऊ नका. माझे हात पिठाचे आहेत."

आठही दिवस राहिली. रोज दूध-गुळात शेवया, मागून मागून. कोणी विचारलं, धुळ्याला जावं का, तर जा. उजवीकडे बसा, आणि प्लेटीला हात लावू नका.

ओवी गेली तशी मी वाळलेल्या शेवया डब्यात भरल्या. शेवया वाळत घालायला खाटेला बांधलेल्या दोरीवर एक तेवढी राहिली आहे, दाराकडची, सगळ्यात लांब. जाताना ती म्हणाली होती, "ती माझी आहे, आजी."

शेजारीण रोज विचारते, उतरवू का. मी म्हणते, राहू दे. मोडेल.