जिनातल्या झोळ्या

सुभद्रा गेल्याचं सांगायला तिचा नवरा लक्ष्मण आला, तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. तो फाटकाच्या आत आला नाही. "मास्तरीणबाई, गेली हो ते... सकाळीच," एवढंच म्हणाला आणि उभा राहिला. मी "बरं" म्हटलं. असं कुणी म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. तो गेल्यावर मी उरलेली डाळ निवडली, डब्यात भरली, हात धुतले आणि मग चपला घालून निघाले. तिच्या घरी, मसणवटीच्या वाटेवर, परत येताना... कुठंच रडू आलं नाही. आज दीड महिना झाला, अजून आलेलं नाही. लोकांना वाटतं मास्तरीणबाई मोठ्या धीराच्या. धीर वगैरे काही नाही. दाढ काढल्यावर गालाचं होतं तसं आतून बधिर झालं आहे, बस.

पंधरा दिवसांनी वणीत शोकसभा झाली. एका पुढाऱ्यांनी सांगितलं, "मास्तरीणबाईंनी जिनात पाळणाघर सुरू केलं आणि दिवंगत सुभद्राबाईंनी त्यांना मोलाची साथ दिली." माना हलल्या. मीही खाली मान घालून बसून राहिले. हे साफ खोटं आहे, असं उठून सांगायला हवं होतं. तिथं जमलं नाही म्हणून इथं लिहिते आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर जीन, म्हणजे कापसाचा कारखाना, सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला रेचा म्हणतात. रेच्यावर कापूस टाकायचं काम बायांचं, आणि अंगावर पिणारी पोरं बायांबरोबर. ती पोरं कापसाच्या गंजीच्या आडोशाला निजवायची, आणि दिवसभर निजावीत म्हणून मोहरीएवढी अफूची गोळी चाटवायची. सगळ्याच देत. सुभद्राही देई. तिचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होता. एका संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला, ती त्याला उचलायला गेली, आणि तो उठला नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला ती नागपूरला जाऊन आली, घरातले देव नदीत सोडले, आणि तेव्हापासून ही पूर्वी खाली मान घालून जाणारी बाई प्रत्येकाला "काहून?" म्हणून विचारू लागली. पुढं मुलगी झाली, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी सातवी शिकलेली, मास्तरांची बायको, गावातल्या बायांचे अर्ज लिहून देणारी. जिनात बाया कामाला असल्या तर लेकरांसाठी वेगळी खोली द्यायचा कायदा झाला आहे, असं तिनं युनियनवाल्यांकडून ऐकलं होतं. फॅक्टरी इन्स्पेक्टरला अर्ज करायचा होता.

"लिहा, गोयी म्याच देलती," ती म्हणाली.

"हे कशाला लिहायचं, सुभद्रा? लोक तुलाच नावं ठेवतील."

"ठेवू द्या न. हे नाही लिहिलं तं साहेबाले समजन कसं?"

लिहिलं. तिनं सांगितलं तसंच.

मग तो दिवस आला. इन्स्पेक्टर साहेब तपासणीला येणार हे जिनाच्या मुनीमजींना आधीच कळलं होतं. आदल्या दिवशी ते आमच्या घरी येऊन सांगू लागले: सरकीची एक कोठी रिकामी करून घेतली आहे, सहा झोळ्या टांगल्या आहेत, चौकीदाराची आणि गाडीवानाची अशी दोन पोरं आणून ठेवतो. "भाभी, एकाच दिवसाचं काम हाये. पांढरं पातळ नेसून बसा, पोरं सांभाळतो म्हना. झालं." जिनाचे शेठ शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते आणि आमच्या ह्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी रात्रीच पातळाला इस्त्री केली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला अजूनही तिची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी साहेब कोठीत आले तेव्हा त्यांच्या हातात तोच अर्ज होता, माझ्या अक्षरातला. "इथं रोज मुलं सांभाळतात?" त्यांनी विचारलं. मुनीमजी माझ्याकडे पाहत होते. मी एका झोळीचा दोर उगाच ताणून पाहिला. तेवढ्यात सुभद्रा रेचा सोडून आत आली, डोक्यावर, भुवयांवर रुई चिकटलेली. तिनं मला पाहिलं. झोळ्या पाहिल्या, माझं पातळ पाहिलं. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. आता ही साहेबांसमोर माझी अब्रू काढणार, मी मनाशी म्हटलं. तिनं तसं काही केलं नाही. काखेतली मुलगी एका रिकाम्या झोळीत निजवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरीणबाई, उद्या कितीले येता?"

साहेबांची पेन्सिल कागदावर थांबली होती.

"सातला," मी म्हटलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. ते तीन दिवस डाकबंगल्यावर मुक्कामाला होते, त्यामुळे मुनीमजींना नाइलाजानं खोली चालू ठेवावी लागली आणि मला जावं लागलं. चौथ्या दिवशी साहेब गेले आणि मुनीमजी झोळ्यांचे दोर सोडायला माणूस घेऊन आले. बाया पोरं घेऊन दारात उभ्या होत्या, एकीनंही रेच्याला हात लावला नव्हता. सुभद्रा पुढं झाली. "दोर सोडा. पोट्टे तुमच्या गादीवर निजवतो मंग, तिथं मऊ हाये." बाया हसल्या. मुनीमजी चरफडत निघून गेले. दोर तसेच राहिले आणि मी दर हंगामाला सातला जात राहिले. खोली कुणी सुरू केली ते हे असं आहे.

त्या दिवसाबद्दल आम्ही दहा वर्षांत एक अक्षर बोललो नाही. शेवटी दम्यानं ती अंथरुणाला खिळली, रुईनं छाती भरून गेलेली. मी बाजेशी बसले होते. म्हटलं, "सुभद्रा, मी त्या दिवशी मुनीमाच्या सांगण्यावरून बसले होते गं."

"मालूम हाये न मले." ती उशीला टेकून जराशी उठली. "तुमचा लई राग आल्ता मले... पन पोरीले ठेवाले कोनी पायजेच होतं."

"मग गेला का राग?"

खिडकी लावून घ्या, म्हणाली. मी लावली.

परवा हंगामाचा पहिला दिवस होता. आजवर कामाला लागण्याआधी खोलीच्या दारात सुभद्रा उभी असायची. प्रत्येक लेकराच्या गालावर बोट दाबून तोंड उघडायची आणि हुंगायची. अफूचा कडवट वास तिला बरोबर कळायचा. बाया चिडायच्या, शिव्या द्यायच्या. वास आलाच तर ती त्या आईला काही बोलायची नाही. लेकरू मांडीवर घेऊन, त्याला चिमटे काढत जागं ठेवत बसायची, मग तिच्या रेच्यावरून मुकादम कितीही बोंबलो. मला हे कधी जमलं नाही. कुणाच्या आईवर असा संशय घ्यायचा म्हणजे... आणि मी तो कुठल्या तोंडानं घेणार होते?

परवा सातला पहिली आली ती सलमाबी. हुंगण्यावरून सुभद्राशी सगळ्यांत जास्त भांडलेली. मी मूल घ्यायला हात पुढं केले, तर तिनं दिलं नाही. स्वतःच त्याच्या गालावर बोट दाबलं, त्याचं तोंड उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "पाहा न, बाई," म्हणाली. मी वाकले. दुधाचा वास होता. मान वर केली तर तिच्यामागं सगळ्या बाया आपापल्या लेकराचं तोंड उघडून उभ्या होत्या.