ओळंब्याचे नऊ किलो

बारावी बैठक झाली आणि मैदान डावीकडे कललं.

ओळंबा थांबला नाही. तेरा. चौदा. पंधराव्या बैठकीला डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले, कानात शिट्टी वाजली आणि उठता उठता तो मटकन खाली बसला. थोड्या वेळाने रांगतच भिंतीमागे गेला आणि सकाळचा चहा तिथे ओकून आला. डोकं ठणकत होतं. कवटीच्या आत कुणीतरी पत्रा सरळ करत बसलंय, असं.

कुणी पाहिलं तर नाही ना, हे त्याने आधी बघितलं. मग तोंड पुसलं.

ओळंबा हे त्याचं खरं नाव नव्हे. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. हा बसबांधणीच्या कारखान्यात नव्या बसच्या अंगावर रंगाचे पट्टे ओढतो. हाताने, लांब केसांच्या ब्रशने, पट्टी न लावता. त्याची रेघ पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत केसभरही हलत नाही, म्हणून ओळंबा. वय सेहेचाळीस. पोट बरंच सुटलेलं. रंगखात्यातले लोक म्हणायचे, "ओळंबा सरळच आहे हो, फक्त मधे गाठ बसलीय."

ही गाठ सोडवायचा हुकूम तीन आठवड्यांपूर्वी निघाला होता.

त्याच्या ताईचं यकृत निकामी होत चाललं होतं. डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या, पोटात पाणी. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून तिला बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. भावोजींचा रक्तगट जुळला नाही. भाची अजून शाळेत. राहिला ओळंबा. त्याचा रक्तगट जुळला, पण स्कॅनमध्ये त्याच्याच यकृतावर चरबी निघाली.

"नऊ किलो कमी करा. दहा आठवडे आहेत," इस्पितळातल्या समन्वयक बाई म्हणाल्या. "मग पुन्हा स्कॅन आणि हृदयाची चाचणी. त्यात काही खोट निघाली, तर आम्ही तुम्हाला हात लावणार नाही. धडधाकट माणसाला आजारी पाडणं आमच्यात बसत नाही."

खोट हा शब्द त्याच्या डोक्यात रुतून बसला. दुसऱ्याच दिवशी त्याला मैदानावर पहिली चक्कर आली.

आता ही गोष्ट सांगायची कुणाला? डॉक्टरला सांगितली, तर तो नाव खोडणार. बायकोला सांगितली, तर ती ताईला सांगणार. ताईला सांगितली, तर ती स्वतःच इस्पितळात फोन करून नको म्हणणार. ताईला तो पुरता ओळखून होता. तो चार वर्षांचा असताना वडील गेले. आई धुलाईच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची. त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असलेली ताई त्याला शाळेत सोडायची, आणायची, दोन धपाटे घालून पाढे म्हणून घ्यायची. स्वतःला ताप असला तरी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. पुढे ती शिक्षिका झाली. तीस वर्षं पहिलीचा वर्ग. तो मात्र नववीत दोनदा नापास झाला आणि रंगखात्यात चिकटला.

तिथे एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्याचा हात घडवला. ब्रश कसा भरायचा, करंगळी पत्र्यावर टेकून कशी सरकवायची, पाय न उचलता अंग कसं पुढे न्यायचं, सगळं. नंतर चिकटपट्ट्यांचे तयार रंगीत पट्टे आले आणि बाकीचे रेघवाले एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. पण वळणावर ती पट्टी वर्षभरात सुटते. ओळंब्याची रेघ सुटत नाही. म्हणून तो टिकला.

असा माणूस. कामात कधी हात थरथरला नाही, आणि आता पंधरा बैठकांना भीत होता.

त्याने गुपचूप उपाय सुरू केले. रिकाम्या पोटी व्यायाम केला. चक्कर आली. केळं खाऊन केला. चक्कर आली, वर केळंही बाहेर आलं. साखरपाणी पिऊन पाहिलं, टोपी घालून पाहिलं, सावलीत करून पाहिलं. चालताना काही होत नसे. तासभर चालला तरी खुशाल असायचा. पण बैठका, जोर, दोरीवरच्या उड्या, म्हणजे जिथे अंग आवळावं लागतं तिथे हमखास व्हायचं. आणि नुसत्या चालण्याने काटा उतरत नव्हता.

शेवटी तो औषधाच्या दुकानात गेला.

"माझा एक मित्र आहे," तो दुकानदाराला म्हणाला. "व्यायाम केला की त्याला गरगरतं. डोकं धरतं."

"वय काय मित्राचं?"

"असेल माझ्याएवढं."

"पोट?"

"तेही असेल."

दुकानदाराने रक्तदाबाचं यंत्र काढलं. "बसवा मित्राला इथे. बाही वर करा त्याची."

रक्तदाब चांगला निघाला. "मित्राला म्हणावं, डॉक्टरला दाखव," दुकानदार म्हणाला. "आणि तोही मित्र घेऊन गेला तर मात्र पंचाईत आहे."

ओळंबा हसला. बाहेर आल्यावर हसू गेलं. दाब चांगला आहे, म्हणजे मग हृदयच. वडील असेच गेले होते, बसल्या जागी. त्याने फुटपाथवर उभं राहून स्वतःची नाडी मोजली. तीनदा मोजली. तीन वेगळे आकडे आले.

घरात त्याचा पाय ठरेना. जेवताना उठायचा, खिडकीशी जायचा, परत येऊन बसायचा, पुन्हा वजनकाट्यावर चढायचा.

"अहो, त्या काट्याला जरा दम घेऊ द्या," बायको म्हणाली. "दिवसातून पाच वेळा चढता. तुमच्याआधी तोच झिजायचा."

"साडेपाच किलो उतरलं."

"मग तोंड एवढं का उतरलंय?"

"तोंडाचंही वजन धरतात."

ती हसली नाही. "सकाळी शर्ट स्वतः का धुतलात?"

"रंग लागला होता."

"व्यायामाला जाताना रंग?" ती एवढंच म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. त्याला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, नाही कळलं. दोन्हींनी तेवढाच जीव खालीवर झाला.

सातव्या आठवड्यात ताई मैदानावर आली.

न सांगता आली. रिक्षातून उतरून हळूहळू चालत बाकापर्यंत पोचली आणि दुपट्टा सावरून बसली. चेहरा पिवळा, पण नजर वर्गातली.

"इथे कशाला आलीस? ऊन आहे."

"घरात छत बघून बघून पाठ झालंय. म्हटलं, माझं लिव्हर काय करतंय ते बघून येऊ. कर तू."

"झालाय माझा."

"घाम कुठाय मग? कर."

लहानपणी पाढे चुकल्यावर व्हायचं तसं झालं. तो उभा राहिला आणि बैठका मारायला लागला. ताईसमोर पंधरावर थांबायचं नाही, असं त्याने ठरवलं. अठरा. एकोणीस. वीस. एकविसाव्याला मैदान उलटं झालं. शुद्धीवर होता, पण गाल मातीला लागला होता. मग ओकारी. लपायला भिंतीपर्यंत जाता आलं नाही.

ताई धावू शकत नव्हती. तरी आली. शेजारी मातीत बसली, त्याच्या कपाळाला हात लावला.

"किती दिवस चाललंय हे?"

"आजच. काहीतरी खाण्यात आलं."

"खोटं बोलताना तू नाक खाजवतोस. पहिलीपासून. किती दिवस?"

त्याने नाकावरचा हात काढला. "सुरुवातीपासून."

तिने पर्समधून फोन काढला. "मी त्या बाईंना कळवते. नको मला."

"ताई!"

"ताईबिई काही नाही. तुला घालवून मिळालेलं लिव्हर मी काय फ्रेम करून लावू भिंतीवर?"

"मला काही होत नाही. चार महिन्यांवर आलीयस तू, डॉक्टर म्हणाले. चार महिने, ताई. तुझ्यासमोर बोलत नाहीत म्हणून तुला माहीत नाही."

"मला तीन सांगितलेत," ताई म्हणाली. "तुझ्यासमोर बोलत नाहीत."

बाजूने पळणारी दोन माणसं त्यांना वळसा घालून गेली.

मग ताईने फोन मांडीवर ठेवला. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "तू बैठका मारत होतास ना, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तोंड मिटलेलं. नाकपुड्या हलत नाहीत. एकविसापर्यंत तू श्वास किती वेळा घेतलास?"

"घेतलाच असेल की. मेलो नाही अजून."

"तीनदा. तेही बुडता माणूस घेतो तसे. माझी पहिलीची पोरं वाचताना असंच करतात. पूर्णविराम येईपर्यंत श्वास कोंडून ठेवतात आणि लाल होतात. पण ती सहा वर्षांची असतात. तुला काय धाड भरली?"

ओळंबा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याने आपला उजवा हात बघितला. करंगळी आपोआप ताणलेली होती.

रेघ ओढताना श्वास घ्यायचा नसतो. छाती हलली की खांदा हलतो, खांदा हलला की ब्रश. एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत कोंडायचा, ब्रश उचलला की सोडायचा. तीस वर्षं, दिवसाला शेकडो वेळा. आता ते तो करत नव्हता, ते होत होतं. अंगाला कष्टाचं आणि नेमकं असं काही करायला लावलं की छाती आपलं दार लावून घ्यायची. चालण्यात नेम लागत नाही, म्हणून चालताना काही होत नव्हतं.

त्याने हे ताईला सांगितलं. सांगताना स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटलं.

"ऊठ," ताई म्हणाली. "आधी दहा मिनिटं बस, मग ऊठ. पाचच मार. मोठ्याने आकडे म्हण. माणूस मोठ्याने बोलतो तेव्हा श्वास कोंडू शकत नाही."

"लोक बघतायत."

"त्यांना वाटेल पोलीसभरती आहे. म्हण!"

तो ओरडत पाच बैठका मारून थांबला. मैदान जागेवर होतं. आणखी पाच. जागेवरच. त्याला हसू फुटलं. "ताई, झालं! आता कुणाला सांगायची गरजच नाही."

ताईचं तोंड मात्र तसंच. "मी डॉक्टर आहे का? मी पहिलीची बाई आहे. श्वासच असेल, आणखी काही असेल. तू जाऊन सगळं सांगायचंस. ओकाऱ्यांसकट. तरच मी सही करीन."

"आणि त्यांनी मला काढून टाकलं तर?"

"तर टाकलं."

"तर तू—"

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

पुढचे तीन आठवडे त्याने आकडे ओरडत व्यायाम केला. चक्कर दोनदाच आली, दोन्ही वेळा ओरडायचं राहिलं होतं. वजन उतरत गेलं. पण जीव हलका होईना. इस्पितळाची तारीख जवळ आली तसा तो मनात रोज वेगळी वाक्यं जुळवायचा. थोडं गरगरतं. कधीकधी गरगरतं. पूर्वी गरगरायचं. प्रत्येक वाक्यात खरं थोडं कमी होत जायचं.

त्या दिवशी डॉक्टरसमोर बसल्यावर यातलं एकही वाक्य आलं नाही. "मी दहा आठवडे लपवलं," तो म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला.

डॉक्टर तरुण होता. त्याने पेन खाली ठेवलं. "लपवून तुम्ही टेबलावर झोपला असता. वर आम्ही भूल दिली असती. काय झालं असतं, कल्पना आहे?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणूनच विचारतो आम्ही." त्याने कागद उलटले. "जोर लावताना श्वास कोंडला, तर छातीत दाब वाढतो, डोक्याकडे रक्त कमी जातं. गरगरतं, मळमळतं, डोकं दुखतं. बसतंय खरं. पण मी तुमच्या बहिणीच्या शब्दावर चालणार नाही. हृदयाची सोनोग्राफी, रक्त, आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावरची चाचणी. आज सगळं होईल. काही निघालं तर विषय बंद."

स्कॅन झाला. सोनोग्राफी झाली. रक्त झालं. पट्ट्याच्या खोलीत त्याच्या छातीला वायरी डकवल्या.

"पट्टा चढत जाईल. धाप लागली तर सांगा, एरवी बोलायचं नाही," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

"आकडे म्हटले तर?"

"बोलायचं नाही म्हणजे नाही, काका."

पट्टा सुरू झाला. मग तिरका झाला, मग आणखी. आकड्यांची सोय नव्हती. छाती दार लावायला बघत होती, त्याला ते स्पष्ट जाणवत होतं. त्याने ओठांचा चंबू केला आणि पावलागणिक फुंकर मारायला लागला. फू. फू. फू.

"हे काय, तोंडाने इंजिन?"

त्याने फक्त मान हलवली. फुंकर सोडली नाही. आठव्या मिनिटाला पोटऱ्या पेटल्या, नवव्याला घाम डोळ्यात गेला. ठिपक्यांची तो वाट बघत राहिला. ठिपके आले नाहीत.

बाहेर बाकावर ताई आणि बायको बसल्या होत्या. त्याला बसवेना. तो दारापासून लिफ्टपर्यंत जायचा आणि यायचा. दोन तास. दर खेपेला ताई त्याच्याकडे बघायची.

समन्वयक बाई कागद घेऊन आल्या. "हृदय उत्तम आहे. यकृतावरची चरबीही उतरलीय."

"नऊ किलोला तीनशे ग्रॅम कमी पडले," ओळंबा घाईने म्हणाला. "आठ सातशे झालं. पण आठवड्याभरात मी—"

"अहो, आम्ही तराजू घेऊन बसलेलो नाही. पुढच्या बुधवारी भरती व्हा. दोघंही." त्यांनी फॉर्म ताईपुढे धरला. "इथे तुमची सही."

ताईने पेन घेतलं. टोक कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं.

"काय झालं?" ओळंबा म्हणाला. "मी सगळं सांगितलं. ओकाऱ्यांसकट. विचार हवं तर डॉक्टरला."

"हो रे."

"मग?"

"काढतील म्हणून मी मनाची तयारी करून आले होते," ताई म्हणाली. "ही तयारी नव्हती केली. आता मला तुझ्यासाठी भीती वाटते. आणि माझ्यासाठीही."

बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. समन्वयक बाई जरा बाजूला सरकून मोबाईल बघायला लागल्या.

ओळंबा तिच्यासमोर उकिडवा बसला. "मलापण," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग खाली वाकून सही केली, पहिलीच्या वहीवर करते तशी, ठसठशीत. फॉर्म परत दिला आणि लगेच विचारलं, "बुधवारी किती वाजता?"