आईचं वजन पंचावन्न

माझी गाडी निळी आहे, दोन दारांची, दोनच सीटांची, आणि आमच्या अख्ख्या खानदानाला ती बिनकामाची वाटते. "चार मानसं बसत न्हाईत ती गाडी कसली?" असं माझ्या मोठ्या मामीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी दातांची डॉक्टर. गोडदेवला दवाखाना आहे. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटते आणि रविवारी सकाळी हायवेवर ही गाडी पळवते. सेकंडहँड आहे, पण आहे स्पोर्ट्स कार. कोणाच्या बापाचं काय जातं?

गेल्या वर्षी तिचं सस्पेन्शन बदलायचं ठरवलं. मूळच्या स्प्रिंगा थकल्या होत्या, वळणावर गाडी झोकांड्या खायची. रविवारच्या आमच्या ग्रुपमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, एक्झॉस्ट बदल, आवाज घुमला पाहिजे. म्हटलं, दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकते तो काय कमी आहे? ब्रेकचे पॅड बदलायचं मात्र लगेच पटलं, कारण पळवणाऱ्याला थांबताही आलं पाहिजे. आणि एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: गाडी खाली बसव. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट जेमतेम जाईल एवढीच फट ठेव. मलाही तेच हवं होतं. रस्त्याला चिकटलेली गाडी बघितली की माझा जीव खुळावतो, काय करू!

तेवढ्यात मुर्ध्याच्या मोठ्या मामाच्या मुलीची हळद ठरली आणि आईने जाहीर केलं, "मी तुझ्या गाडीतून जानार. दारापर्यंत. बसून."

मुर्धा हे आईचं माहेर. तिच्या लग्नात वरातीसाठी सांगितलेली मोटार आलीच नव्हती, आणि नवरी मुलगी शालू नेसून मिठागराच्या ट्रकात, ड्रायव्हरच्या शेजारी बसून सासरी आली. तेव्हापासून मामी तिला मिठाची नवरी म्हणते. बारसं असो, साखरपुडा असो, चार बायका जमल्या की मामीचं सुरू, "आमची मिठाची नवरी आली गो!" सगळ्या हसतात. आईपण हसते, आणि घरी आल्यावर भांडी आदळते. त्यामुळे आता नवरीची मानाची आत्या म्हणून जाताना तिला मामीच्या डोळ्यांसमोर, ऐटीत, मोटारीतून दारात उतरायचं होतं. दुसरं काही मागत नव्हती बिचारी.

अडचण एकच होती, आणि ती मामाने स्वतः बांधली होती. बंगल्याचं काम संपल्यावर उरलेल्या सिमेंटचा त्याने दारासमोर स्पीडब्रेकर घातला होता. स्पीडब्रेकर कसला, बंधाराच तो! गल्लीतून बाइक पिटाळणाऱ्या पोरांचा त्याला राग, आणि तो सगळा राग सिमेंटमध्ये ओतलेला. गाडी खाली बसवली तर ती यावर अडकणार, वर ठेवली तर ग्रुपमध्ये माझी इज्जत जाणार.

म्हणून मी कॉइलओव्हर निवडले. यात स्प्रिंगच्या खाली एक रिंग असते. ती फिरवली की गाडीची उंची हवी तेवढी वर-खाली करता येते. महाग पडले, पण आई आणि हौस दोघींना सांभाळायचं म्हणजे दुसरा इलाज नव्हता. त्याआधी एका रविवारी मुर्ध्याला जाऊन काठीने स्पीडब्रेकरचं माप घेतलं. मी रस्त्यात ओणवी झालेली बघून मामी ओट्यावरून ओरडली, "काय शोधतेस गो? फुली पडली काय नाकातली?" मी म्हटलं, हो. मग तीपण खाली येऊन शोधायला लागली.

नवघरच्या फिटरकडे जाताना आई हट्टाने सोबत आली. तिथे एक बकेट सीट पडली होती, रेसच्या गाड्यांत असते तशी, दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी. "बघू तरी," म्हणून आई तिच्यात बसली आणि तिथेच रुतली. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला फिटर, असं ओढून आम्ही तिला बाहेर काढलं. "मेल्यांनी अरुंद केलीय," आई धापा टाकत म्हणाली. बकेट सीटचा विषय तिथेच संपला.

मग फिटर म्हणाला, "मॅडम, हाइट लोड पे सेट करेंगे. आंटी का वेट कितना?"

"पंचावन्न," आईने ठणकावून सांगितलं.

फिटरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आमच्या घरात आईच्या वजनावर चर्चा होत नाही. दूधवाल्याशी होईल, देवाशी होईल, आईशी नाही. फिटरने गुपचूप शेजारच्या किराणावाल्या गुजराती काकांकडून पन्नासची तांदळाची गोणी आणि पाच किलोचं पीठ आणून बाजूच्या सीटवर ठेवलं, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि रिंगा फिरवल्या. मामाचा स्पीडब्रेकर दोन बोटं राखून पार होईल आणि गाडी तरीही झक्कास खाली दिसेल, असं बरोबर माप जमलं. आई त्या गोणीकडे बघून म्हणाली, "मी एवढी दिसते?"

हळदीच्या संध्याकाळी आई पिवळी नऊवारी नेसून खाली आली. अंगभर दागिने, आणि दोन्ही हातांत तांब्याचा हंडा. आत्याचा आहेर! आमच्यात हंडा रिकामा नेत नाहीत. तो तांदळाने काठोकाठ भरला होता आणि वर नारळ होते. मी म्हटलं, "आई, हा टेम्पोतून पाठवू." ती म्हणाली, "मानाचा हाय. मांडीवर घेनार." सीटने कण्हल्यासारखा आवाज केला. मी देवाचं नाव घेऊन निघाले.

मुर्ध्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा मांडवात बेंजो जोरात वाजत होता. बायका दारात, पुरुष नाचत. सगळे वळून बघायला लागले आणि आईने पदर सारखा केला. स्पीडब्रेकरवर पुढची चाकं चढली, उतरली, आणि कर्रर्र करून गाडीचं पोट सिमेंटवर टेकलं. गाडी पुढे जाईना, मागे येईना. बेंजोसुद्धा थांबला.

"आई, एक मिनिट उतर," मी हळूच म्हटलं. "हलकी झाली की निघेल."

"मी न्हाय उतरनार." तिने हंडा घट्ट धरला. डोळे भरले होते. "आज तरी न्हाय."

आणि मामी आलीच. मी मनात म्हटलं, झालं, आता आणखी काही वर्षं चिडवायची सोय झाली. मामी काचेपाशी वाकली, आईचं तोंड बघितलं आणि मागे वळून गरजली, "बघत काय उभे ऱ्हायलेत? उचला ना! आमची ननंद खाली न्हाय उतरनार!"

आठ-दहा भाचे-पुतणे दोन्ही बाजूंनी लागले. मामीने स्वतः पदर खोचला आणि मागे जाऊन डिकीला हात लावला. "तुझा ट्रक चालू होईना, तवा पन मीच धक्का दिलेला," ती ओरडली, "हळदीचे हात घेऊन! मी पन नवीच व्हती, त्या दिवशी तुझ्यापेक्षा जास्त रडलेली, ध्यानात हाय काय?"

आईने आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. ती आता रडत होती आणि हसतही होती. "हाय गो, वैनी," एवढंच म्हणाली. पोरांनी हय्या केलं, गाडी वर झाली, बेंजो वाजला, आणि माझी आई बसून दारापर्यंत गेली.

हंडा उतरवल्यावर आईने मामीचा हात धरला आणि तिला गाडीत आपल्या जागेवर नेऊन बसवलं. "हिला एक फेरी मारून आन," मला म्हणाली. मामी लाजून लाल झाली होती. सीटवर हात फिरवत होती.

बाहेर पडायलाही तोच स्पीडब्रेकर. मी इंजिन चालू करायच्या आधी विचारलं, "मामी, वजन किती गं तुझं? खरं सांग."

"पंचावन्न," मामी म्हणाली.

मी काच खाली करून पोरांना हाक मारली, "थांबा रे, जाऊ नका कुठे!"