पत्रावळ पाहणारा माणूस

उकंडराव माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत. आमच्या गावात मारुतीसमोर दरवर्षी गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्याचं जेवण व्हायचं. त्या पंगतीत त्यांनी पन्नास वर्षं वाढलं, पण कोण बसलंय ते त्यांना हातांवरून कळायचं. कमरेत वाकायचं, डाव्या हाताला वरणाची बादली, उजव्या हातात पळी, नजर पत्रावळीवर. कोणी नको म्हणून हात आडवा घातला की तोंड न पाहताच म्हणायचे, "नागोराव, हात काढ. हात नाही म्हणते, पोट थोडीच नाही म्हणून राह्यलं!" आणि तो हात नागोरावचाच निघायचा.

मी एकदा विचारलं, असं खाली मान घालून काहून वाढता? तर म्हणाले, "तोंड पाह्यलं का पळी लहानमोठी होते गड्या. मी पत्रावळ पाह्यतो. पत्रावळ सगळ्यायची सारखी."

मी चौथी शिकलेला माणूस आहे. पुढे पोरांनी मोठमोठी पुस्तकं घरात आणली, भिंतीला लावली. त्यात याच्या वरचं वाक्य असेल तर मला दाखवा.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? त्या पंगतीत पहिल्या टोकाला पाटील बसायचे आणि पार शेवटी, बैलं बांधायच्या जागेजवळ, पोडावरचे, म्हणजे रानातल्या वस्तीवरचे, कोलाम आदिवासी. वाढणं पाटलांपासून सुरू व्हायचं. शेवटपर्यंत पोचेस्तोवर वांग्याच्या भाजीत वांगं उरत नसे, रस्साच राहायचा. एका वर्षी उकंडराव बादली घेऊन निघाले ते सरळ त्या टोकाला गेले आणि तिथून वाढू लागले. पाटील तिकडून ओरडले, "उकंड्या, सुरुवात कुठून करायची हे बी भुलला का?"

"नाही जी मालक," उकंडराव वाकलेलेच, मान वर नाही. "भूक इकडं पह्यले लागली."

पंगत हसली. पाटील हसले नाहीत. पण उठलेही नाहीत, कारण पंगतीतून मधे उठणं म्हणजे तेव्हा बेइज्जती होती. पुढं दरवर्षी वाढणं तिकडूनच सुरू झालं.

उठण्याचंही सांगतो. पंगतीत एक भागोजी बसायचे, तोंडात एकही दात नाही. रोडगा वरणात चुरायचे, भिजू द्यायचे, मग एकेक घास घोळवत खायचे. दीडशे माणसं जेवून हात चाटत बसलेली आणि भागोजींचा अर्धा रोडगा बाकी. मी तेव्हा विशीतला. बैल घेऊन वावरात जायचं होतं. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो तर मागून खांद्यावर पळी पडली. गरम वरण सदऱ्यात उतरलं.

"बस खाली," उकंडराव म्हणाले. "भागोजीचं व्हायचं हाय."

"अजून घंटाभर लागते त्यायले!"

"मंग घंटाभर बस. खायले तर कुत्र्यायलेबी येते. थांबाले माणूस लागते."

ते स्वतः पाण्याचा गडवा घेऊन पंगतीच्या टोकाला उभे राहिले आणि दीडशे माणसं एका बिनदाताच्या म्हाताऱ्यासाठी बसून राहिली. भागोजींना त्याची लाज नव्हती, कारण लाजायचं काही आहे असं कोणी त्यांना वाटूच दिलं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर उकंडराव जेवायचे. एकटेच बसायचे, आणि त्यांना वाढायचो मी. पळीच्या त्या माराच्या दिवसापासून हे काम माझ्याकडे आलं, ते शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिलं. "वाढणाऱ्याले वाढणारा एक पाह्यजे," म्हणायचे, "नाही तर त्याच्या हातचं अन्न बाटते."

मग आलं ते बफे. पोरांना विचारावं तर म्हणतात, बाबा सोयीचं असतं. कोणाच्या सोयीचं? भागोजीच्या? हातात ताट, ताटात गुलाबजामावर वरण, कोपराने एकमेकाला ढकलायचं, आणि अर्धं खाऊन ताट टबात फेकायचं. जेवणाला बोलावलेला पाहुणा रांगेत उभा करतात आणि त्याला प्रगती म्हणतात. कोण आलं, कोण उपाशी गेलं, यजमानाला पत्ता नसतो. तो स्टेजवर फोटो काढत असतो.

वणीला एका लग्नात आम्ही दोघे गेलो होतो. उकंडराव ताट घेऊन रांगेत लागले. झारा हातात घेतलेला माणूस त्यांच्याकडे न पाहताच ओरडला, "चलो बाबा, आगे बढो!" उकंडरावांनी रिकामं ताट तिथंच टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन चप्पल घातली. मी मागे धावलो.

"काय झालं?"

"भीक मागून खायले आलतो का मी?" म्हणाले. थोडं चालल्यावर स्वतःशीच हसले. "बैलबी खाल्ल्यावर बसते गड्या. हे लोक तर बसतच नाहीत."

येताना एसटीत दोघांनी चणे खाल्ले.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. त्यांचा पोरगा दिलीप, त्याचे वणीला कोळशाच्या खाणीवर ट्रक चालतात, तो आला होता. त्याच्यासमोर उकंडरावांनी माझं मनगट धरलं. "महादेवा, एकच मागतो. माह्या तेरवीले पंगत बसव. माह्या नावाचं कोणी उभ्यानं खाऊ नये."

मी म्हटलं, बसवतो. दिलीपनेही मान हलवली.

उकंडराव गेले. आणि तेराव्या दिवशी तेरवीला जाऊन पाहतो तर मांडव, कापडं लावलेली टेबलं, वणीहून आणलेले टोप्या घातलेले वाढपी. मी दिलीपला धरलं. तो म्हणाला, "काका, लोकायचे गुडघे दुखते. खाली कोण बसते आता?"

"बसणारे मी आणतो."

"आणा ना मंग," तो म्हणाला. त्याला वाटलं मी बोलतोय नुसता.

पण मी तेरा दिवस रिकामा बसलो नव्हतो. पळसाची पानं आणून, या वाकड्या बोटांनी माझी धरून एक्केचाळीस पत्रावळी टाचल्या होत्या. घरोघर जाऊन सांगून आलो होतो, "उकंडरावाच्या हातचं खाल्लं असंल तर खाली बसून जेवा, नाही तर येऊ नका." चाळीस माणसं आली. मी मांडवाबाहेर लिंबाखाली पट्टी अंथरली, प्रत्येकासमोर पत्रावळ ठेवली, पाणी शिंपडलं. पोडावरचे तिघे होते, त्यांना पहिल्या टोकाला बसवलं. मग मीही बसलो. छाती भरून आली होती माझी. मनात म्हटलं, पाहा उकंडराव, बसवली.

चाळीस माणसं रिकाम्या पत्रावळीसमोर बसून मांडवाकडे पाहत राहिली.

कोणीतरी म्हणालं, "महादेवा, वाढणारा कोन हाय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पानं आणली, काड्या आणल्या, माणसं आणली, आणि वाढणारा नेमलाच नाही. पन्नास वर्षांत कधी नेमावाच लागला नव्हता. बसलं की बादली यायचीच.

टोपीवाल्यांना म्हटलं तर ते म्हणाले, आमचं काम टेबलाचं आहे. मग मी उठलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मी, मांडवातली वरणाची बादली दर चार पावलांवर खाली टेकवत निघालो. शेवटच्या टोकापर्यंत वरण पोचवलं, भातासाठी परत फिरलो, तोवर मधली दहाजणं उठून टेबलाकडे गेली होती. भात वाढून वर पाहिलं तर पहिल्या टोकाचे जेवून हात धूत होते. "थांबा रे," मी ओरडलो, "नागोरावचं व्हायचं हाय!" नागोरावचेही आता दात पडलेत.

एक म्हणाला, "काका, गाडी निघून राह्यली."

नागोरावने मला पाहिलं, लोकांना पाहिलं, आणि अर्ध्या भातावर पत्रावळ दुमडली. लाजला तो. भागोजी कधी लाजले नव्हते.

पट्टी मोकळी झाली. मी माझ्या पत्रावळीसमोर जाऊन बसलो. वाढणाऱ्याने शेवटी बसायचं असतं. बराच वेळ बसलो. पलीकडे टोपीवाले टेबलं आवरू लागले, दिलीप पाहुण्यांना गाडीत बसवत होता. मग मी ती कोरी पत्रावळ उचलली, झटकली आणि घरी आलो.

सून दारातच होती. "बाबा, जेवून आले का?"

"हो," मी म्हटलं. "जेवलो."