किल्ल्यातल्या शेताला पाणी

नाशिकला स्कूटीवरून पडले, घोट्याला प्लास्टर बसलं आणि दीड महिना मी खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर येऊन राहिले. कडक उन्हाळा. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीनं लॅपटॉपवर घालून दिलेला एक गेम ओट्यावर बसून खेळायचे.

त्यात बुटकी माणसं डोंगरात शिरतात आणि खडक फोडून किल्ला उभारतात. त्यांना खायला पिकवावं लागतं, पण आत नुसता खडक, त्यावर बी रुजत नाही. म्हणून चर खणून बाहेरच्या ओढ्याचं पाणी आत आणायचं, दालनभर पसरवायचं आणि वेळेवर अडवायचं. पाणी आटलं की मागे गाळ उरतो. त्यात पेरायचं.

बा शेजारी दोरी वळत बसलेला असायचा. एक दिवस उठून माझ्या मागे उभा राहिला. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथं ते मराठीत लिहिते आहे.

"ही माणसं कुणाच्या कामावर आहेत?"

"माझ्याच."

"म्हणजे तू मुकादम," तो हसला.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी बघायला बसू लागला. माझा चर सरळसोट होता. "वळण दे त्याला," तो म्हणाला, "पाण्याचा जोर मोडेल." दिलं. शेवटी चर आणि ओढा यांच्यामधला एकच दगड राहिला. तो फोडायला मी एका खणणाऱ्या बाईला पाठवलं.

"ती बाहेर कुठून येणार?" बानं विचारलं.

"दगड फुटला की येईल पळत."

"पाण्याच्या पुढं?"

तोवर मी बटण दाबलं होतं. दगड फुटला, पाणी तिला घेऊनच चरातून आत आलं. दालन भरलं. पडद्यावर ओळ आली, ती बुडाली म्हणून.

"जाऊ दे, अजून खणणारे आहेत," मी म्हणाले. मागे वळून बघितलं तर बा नव्हता.

संध्याकाळी आई चिडून म्हणाली, "काय दाखवलंस त्याला? भाकर तशीच ठेवली त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून माझ्याजवळ येऊन बसला. माझ्या जन्माच्या आधी तो भिवंडीकडे पाइपलाइनच्या खणतीला गेला होता. सोबत दाभोशाकडचा एक जोडीदार होता; दोघं एकाच झोपडीत राहायचे, एकाच तव्यावर भाकरी भाजायचे. खड्डा दोन पुरुष खोल. वरची जुनी लाइन फुटली आणि पाणी खड्ड्यात उतरलं. त्यासरशी एका बाजूची माती बसली.

"मी शिडीजवळ होतो म्हणून वाचलो. तो लांबच्या टोकाला होता," बा म्हणाला. "शिडी एकच होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला."

दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं गाठोडी घेऊन कामाला निघायची, आणि माझा बाप तेवढा घरी थांबायचा. आश्रमशाळेतून सुट्टीला आले की मला त्याची लाज वाटायची. एकदा तोंडावर म्हणाले होते, "तू भितोस, म्हणून आपल्याकडं काही नाही." तेव्हा तो "हो" म्हणाला होता. नुसतं "हो". मी ते कबुलीसारखं घेतलं, आणि कशाला भितोस ते कधीच विचारलं नाही.

त्या दुपारी मी नवीन दालन खोदायला घेतलं. बानं सांगितलं तसं चराच्या दोन्ही टोकांना पायऱ्या काढल्या. ओढ्याच्या तोंडाशी आधी दार बसवलं आणि त्याचा खटका लांब वरच्या मजल्यावर ठेवला. दगड फोडायच्या आधी दार बंद. त्यानं पडद्यावर बोट ठेवून एकेक माणूस मला शोधायला लावला. "हा कुठं आहे? आणि ती?" एक सुतार अजून खालीच रेंगाळत होता, त्याच्यासाठी आम्ही थांबलो.

"आता सोड."

पाणी वळणं घेत आलं आणि दालनात घोटाभर पसरलं. मी खटका ओढून दार बंद केलं. थोड्या वेळानं खडक तपकिरी दिसायला लागला. पिठाचे हात घेऊन आईही बघायला आली. पुढच्या आठवड्यात त्या गाळात अळंबी उगवली, आणि बानं शेजारच्या काकांना हाक मारून ती दाखवली.

त्याच दिवसांत त्यानं सांगितलं की आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी दरवर्षी दोन दिवस तो जातो, ते त्या जोडीदाराच्या आईकडे. मी लहानपणापासून समजत होते की तिथं आमचे नातेवाईक आहेत.

प्लास्टर निघाल्यावर मी कामावर गेले, पण आवणीला रजा काढून परत आले. जीपनं आम्ही दोघं दाभोशाकडे गेलो. म्हातारी दारातच बसली होती.

"ही कोण?"

"पोर माझी."

तिनं माझ्या लंगडणाऱ्या पायाकडे बघितलं आणि मला बांधावर बसवलं. रोपांच्या मुठी खाचरात फेकायचं काम माझं. बा चिखलात वाकून लावत होता. मी उत्साहानं मुठी लांब लांब फेकत होते.

"अगं, जवळ टाक," म्हातारी म्हणाली. "त्याची कंबर आता पहिल्यासारखी राहिली नाही."