बसूअप्पाच्या मांडवातला पाण्याचा आहेर

मी बसूवर जळत होतो. त्याला जाऊन आज वर्ष झालं, तरी जळतोच आहे.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा हार घातलेला फोटो. खाली 'देवमाणूस'. बघून बघून डोकं उठलं, म्हणून लिहायला बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बसू म्हणजे बसवंतअप्पा, आमच्या जळकोटातला भांड्यांचा दुकानदार. घर लिंगायत. मी त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आमचं घर बौद्ध. मी मास्तर झालो, तो गल्ल्यावर बसला.

माईक माझा. जयंती असो की नवीन जिल्ह्याच्या मागणीचं आंदोलन, भाषण माझंच. समतेवर तर झोपेतून उठवलं तरी तासभर बोलेन.

आणि बसू? चारचौघांत उभा राहिला की घाम फुटायचा त्याला.

पण सुचायचं त्यालाच, मेल्याला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात त्याच्या पोरीचं लग्न निघालं. गावात टँकरवर रोजची भांडणं. आमच्या गल्लीतल्या बायांच्या घागरी लायनीत कायम शेवटी. तोंडानं कुणी काही म्हणायचं नाही, पण लाइन कशी लागते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बसूनं पत्रिकेत छापलं, आहेर आणू नये. येताना घरटी एक घागर पाणी आणावं.

मी म्हणलो, "दुकानातल्या घागरी खपवायचा धंदा दिसतोय."

"जुनीच आण की. नवी घे म्हणलो का मी?"

मांडवाच्या तोंडाशी त्यानं पाण्याची मोठी टाकी ठेवली. आमच्याकडं लग्नात आहेर माईकवर पुकारतात, कुणाकडून काय आलं ते. पुकारायला अर्थात मी.

बसू जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पहिलं नाव मंगलवहिनीचं घे."

मंगल म्हणजे माझी बायको.

"येडा झालास का? लोक उठून जातील. पोरीचं लग्न हाय तुझ्या."

"म्हणूनच सांगायलो. तू नाव घे."

तासभर बोलणारा मी. त्या एका नावाला माईक दोनदा चालू-बंद केला. मंगल डोक्यावर घागर घेऊन सगळ्या बाजारपेठेतनं चालत आली होती. कुणी अडवलं असतं तर अपमान तिचा झाला असता, बसूचा नाही.

पुकारलं एकदाचं.

तिनं घागर टाकीत ओतली. मागून दुकानदारांच्या घरच्या, मराठ्यांच्या, मोहल्ल्यातल्या, सगळ्यांच्या घागरी त्याच टाकीत. सैपाकाला तेच पाणी, प्यायला तेच.

बसूचे चुलते उठले. "बसू, कुणाकुणाचं पाणी एकात केलास रे हे?"

बसूनं हात जोडले. "काका, आहेर हाय. दारी आलेला आहेर वापस करायचा का?"

आहेर परत करणं म्हणजे माणसाला दारातनं हाकलणं. आणि नावं तर अख्ख्या गावानं माईकवर ऐकलेली. काका खाली बसले. जेवले. पाणीसुद्धा प्याले, उन्हाळ्यात न पिऊन सांगतात कुणाला.

पुढच्या टँकरला मंगलनं घागर लायनीत मधेच ठेवली. कुणी हूं की चूं केलं नाही.

मला आनंद झाला का? लई झाला. पण आतून नुसती आग. पिढ्यान् पिढ्या पाणी अडवलं ते आमचं. भाषणं माझी. घागर माझ्या बायकोच्या डोक्यावर. आणि क्रेडिट? 'अप्पांची आयडिया'!

मंगलपाशी कुरकुर केली तर म्हणाली, "तुमाला सुचलं असतं तर तुमचं नाव झालं असतं. कुणी धरलं होतं का तुमाला?"

तेव्हापासून एकच हौस होती. मला असं काही सुचावं, की बसू जळला पाहिजे. एकदाच.

मी काहीही सांगायला गेलो की हा म्हणायचा, "लई भारी, कर की." आणि सगळ्यांच्या आधी येऊन हजर. मत्सर कसा तो नाहीच. याचा मला अजून राग आहे.

मागच्या महिन्यात जिल्ह्यासाठी पुन्हा रास्ता रोको ठरला. मीटिंगमध्ये मी म्हणलो, "किती वर्षं रस्त्यावर बसून राहिलो आपण. आडले कोण, तर दवाखान्याला निघालेले पेशंट. एवढी माणसं जमणारच हाईत, तर तळ्यातला गाळ काढू. बॅनर तिथंच लावू."

आधी हसले. मग आले. ट्रॅक्टर आले, गाळ शेतात गेला, सगळ्या गल्ल्यांची माणसं एका चिखलात. निवेदन घ्यायला तहसीलदार साहेबांना पँट वर करून तळ्यात उतरावं लागलं.

जिल्हा झाला नाही अजून. पण तळं खोल झालं, आणि शेजारच्या गावांतनं विचारणा सुरू झाली की आमच्याकडं कधी येता.

माझी आयडिया. शंभर टक्के माझी. मी हवेत होतो.

तेवढ्यात बसूचा थोरला पोरगा आला. पाया पडला. म्हणाला, "सर, अगदी अप्पांना सुचावं तसं सुचलं तुमाला. आज असते तर लई खूश झाले असते."

खूश.

बसू, मला तू खूश व्हायला नको होतास रे.

तू तळ्याच्या काठावर येऊन गप्प व्हायला पाहिजे होतास. घरी जाऊन वहिनीवर उगंच चिडायला पाहिजे होतास. त्या दिवशी तुला जेवण गोड लागायला नको होतं.

एवढंच पाहिजे होतं मला. आणि बघायला तू नाहीस. आता मला काही सुचलं तरी मी दाखवू कुणाला?

तुमच्याकडचा नमस्कार घे दोस्ता, शरणु शरणार्थी.

जय भीम.